शेवटचा सोपा प्रश्न

टीव्हीवरच्या क्विझमध्ये चुकलेली उत्तरं सगळ्यांना दिसतात. पण काही उत्तरं धड चूकही नसतात आणि बरोबरही म्हणता येत नाहीत. ती कुठे जातात? ती माझ्या फाईलमध्ये येतात!

माझं काम प्रश्न तपासायचं. आमच्या ऑफिसचा एकच नियम आहे, दोन पुराव्यांशिवाय उत्तर पक्कं करायचं नाही. एकच पुरावा मिळाला तर कागद बाद. हे बाद कागद मी टाकून देत नाही, फाईलला लावून ठेवते. बाकी महाराष्ट्रात या फाईलला दोन-चार कागदांची भर पडते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या एका दौऱ्यात ती इतकी फुगली की दोरी बांधावी लागली.

आम्ही तिघं होतो. सुहास सर निवेदक, पक्के पुणेकर, आवाज खणखणीत. योग्य उत्तर तीनदा म्हणायची त्यांना सवय. कॅमेरा आणि साउंड सांभाळायला पिंटू. आणि मी, मूळची चांद्याचीच. चंद्रपूरला आमच्याकडे अजून चांदाच म्हणतात. तालुक्यातालुक्यात फेऱ्या घ्यायच्या आणि चंद्रपुरात फायनल, असा बेत होता. बक्षीस झकास होतं, जिंकणाऱ्याच्या गावाला सोलरचे दिवे!

*

पहिली फेरी गडचांदूरला. सिमेंटचं गाव, म्हणून मी मुद्दाम सोपा प्रश्न काढला होता, "सिमेंट कशापासून बनतं?"

नामदेवभाऊ नावाचे खाणीतले जुने कामगार होते. ते म्हणाले, "डोंगरापासून."

"चूक! चुनखडी, चुनखडी, चुनखडी!" सुहास सर म्हणाले.

नामदेवभाऊंनी वाद घातला नाही. पुढचे सगळे प्रश्न त्यांनी बरोबर सोडवले आणि फेरी जिंकली. नंतर चहाला आम्हाला घरी घेऊन गेले. अंगणातून समोर बोट दाखवलं. तिथे नुसतं आभाळ होतं.

"तिथी डोंगर होता, सर. चार वाजले का त्याची सावली आंगनात ये, आन् कोंबड्या खुराड्यात जात."

बोलता बोलता चार वाजले. अंगणात लख्ख ऊन होतं. कोंबड्या मात्र एकामागोमाग एक खुराड्यात शिरल्या.

सुहास सर हसले, "सवय हो! जुनी सवय!"

"कोंबड्या औंदाच्या हायेत, सर," नामदेवभाऊ म्हणाले. "यायनं डोंगर पाह्यलाच नाई."

*

दुसरी फेरी आलापल्लीला. तिथला साग काय सांगावा! हॉलच्या दारातच दोघांच्या कवेत मावणार नाही असा एक उभा होता.

प्रश्न होता, "झाडाचं वय कसं मोजतात?" उत्तर, खोडातल्या वर्तुळांवरून.

मडावी म्हणून रिटायर्ड वनरक्षक होते, पुढे ती फेरी त्यांनीच जिंकली. ते म्हणाले, "वर्तुळं मोजाची तर तोडा लागते. आमी इचारतो."

"कुणाला?"

"झाडाले!"

लोक हसले. सुहास सरांनी लगेच कॅमेरा बाहेर नेला. मडावींनी सागाच्या खोडावर तळहात ठेवला, डोळे मिटले आणि एक आकडा सांगितला. सर म्हणाले, "वा! आता माझं विचारा!" आणि त्यांनी स्वतःचा हात पुढे केला.

मडावींनी हात हातात घेतला, डोळे मिटले. मग हळूच म्हणाले, "झालेले सांगू का रायलेले सांगू?"

सरांनी हात ओढून घेतला. तो शॉट आम्ही वापरला नाही.

*

तिसरी फेरी कुरखेड्याला. तिथे आम्ही प्रेक्षकांसाठी पेटी ठेवली होती. प्रश्न लिहा, उत्तरही लिहा, चांगला असेल तर टीव्हीवर घेऊ. एका चिठ्ठीवर गावाचं नाव होतं, लिहिणाऱ्याचं नव्हतं.

"आमच्या तलावात किती माणसं आहेत?" आणि खाली उत्तर, "सात."

मला वाटलं, मासेमारी करणारी कुटुंबं असतील. नियमाप्रमाणे त्या गावच्या सरपंचांना फोन लावला. त्यांनी चिठ्ठी पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाले, "बुडालेल्यायचं इचारून राह्यले का, मॅडम? सहा हायेत. चिठ्ठी चुकली."

मी 'सात' खोडून 'सहा' केलं आणि दुसरा पुरावा नाही म्हणून कागद बाद केला.

आठ दिवसांनी सरपंचांचा स्वतःहून फोन आला. "मॅडम, तो आकडा लिवून ठेवला होता ना तुमी? सात करा."

मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. खरं सांगते, अजूनही 'सात' लिहिताना पेन अडतं.

*

त्याच तलावाच्या गावच्या मंदाबाई. कुरखेड्याची फेरी त्यांनीच जिंकली. नवऱ्याबरोबर तलावात मासे धरतात, थोडी धानाची शेती करतात. जाळं विणताना शेजारी रेडिओ चालू असतो आणि जगातली प्रत्येक राजधानी त्यांना पाठ आहे! सर पर्याय वाचायच्या आत त्या उत्तर देत. फोटो ओळखायच्या फेरीत मात्र अडकल्या. पडद्यावर वाघ होता.

मंदाबाईंनी मान खाली घातली. "मोठा."

"नाव सांगा, बाई."

"आमी मोठाच म्हनतो जी."

"तसे गुण देता येणार नाहीत!"

त्यांनी प्रेक्षकांत बसलेल्या दिराकडे पाहिलं. "भाऊजी, तुमचे दादा घरी आले का जंगलातून?"

दिराने फोन लावला, बोलला, मान हलवली. "आले. जेवून राह्यले."

मंदाबाईंनी मान वर केली. "मंग लिवा सर. वाघ!"

हॉल हसून हसून लोळला. पंधरा दिवसांनी फायनलचं सांगायला त्यांच्या गावी गेले, तेव्हा मी त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, "घरचा माणूस जंगलात असला का त्याचं नाव घेत नाई, मॅडम. नाव घेतलं का त्याले वाटते, बलावून राह्यले."

"आणि खरंच येतो?"

त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मीच ओशाळले. मग म्हणाल्या, "मले ते दिवे पायजेत. तलावाच्या पाळीवर उजेड नाई. सातवा होता ना, तो माह्या जाऊबाईचा भाऊ. मासे घेऊन येत होता, पाय घसरला."

चिठ्ठी कुणी लिहिली होती, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

*

फायनल चंद्रपूरला, मोहफुलांच्या दिवसांत. दुपारी हॉलवर लग्न होतं, म्हणून रेकॉर्डिंग सकाळी नऊला ठेवलं. हॉल खच्चून भरला होता. बाहेर उभ्या राहिलेल्यांसाठी पिंटूने आवारात दोन भोंगे लावले होते. आमच्या प्रेक्षकांची एक जुनी खोड आहे, उत्तर फोडायचं! स्पर्धकाच्या आधी मागून कुणीतरी ओरडतंच. त्या दिवशी सुहास सरांनी "कृपया ओठ शिवा!" असं निदान वीसदा सांगितलं असेल.

नामदेवभाऊ, मडावी आणि मंदाबाई. शेवटच्या प्रश्नाला तिघांचे गुण सारखे! आता जो उत्तर देईल, त्याच्या गावाला दिवे. कुणालाच आलं नाही तर बक्षीस राखून ठेवायचं, असा नियम होता.

फायनलचे प्रश्न मुंबईहून सीलबंद येतात. तिथल्या कुणाला तरी वाटलं असणार, ग्रामीण भाग आहे, शेवटचा सोपा देऊ. सरांनी लिफाफा फोडला आणि त्यांना हसूच आलं.

"भारताचा राष्ट्रीय प्राणी कोणता?"

मंदाबाईंचा हात बझरवर पडलाही होता. पण तोंड उघडता उघडता त्या थांबल्या. दिराकडे पाहिलं. तो आधीच फोन कानाला लावून उभा होता. त्याने नकारार्थी मान हलवली. मंदाबाईंचा नवरा पहाटेच मोहाची फुलं वेचायला जंगलात गेला होता आणि फोन लागत नव्हता.

"तीस सेकंद!"

सकाळपासून उत्तरं फोडणारा तो हॉल, त्यातलं एकही माणूस बोललं नाही. आईच्या मांडीवरच्या पोरालाही हे उत्तर येत असणार. एका बाईने तर आपल्या पोरीच्या तोंडावर हात ठेवला होता.

"मले माहीत हाये, सर," मंदाबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. "पास."

"नामदेवभाऊ?"

खाणीत जन्म गेलेला माणूस. त्याच्या घरचं कुणी जंगलात नव्हतं. एक शब्द उच्चारला की दिवे त्यांचे. त्यांनी एकदा मंदाबाईंकडे पाहिलं. "पास."

"मडावी काका?"

"पास, सर. आन् तुमीबी नका बोलू."

मी स्टेजच्या कडेने दोन्ही हात हलवत होते. सर, नको. सर, पुढे जा. पण माणूस कॅमेऱ्यासमोर उभा राहिला की सवयीनेच बोलतो.

"आश्चर्य आहे! योग्य उत्तर आहे... वाघ! वाघ! वाघ!"

भोंग्यांनी ते तीनदा आवाराबाहेर नेलं. कुणी टाळी वाजवली नाही. मंदाबाई उठल्या, चपला घातल्या आणि दिराबरोबर सरळ एसटी स्टँडकडे निघाल्या. मला त्यांच्या मागे जाववलं नाही. तो लिफाफा मी आधी फोडायला हवा होता, नियम गेला खड्ड्यात! हे मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलच्या मागच्या आवारात आम्ही सामान भरत होतो. पिंटू केबल गुंडाळत होता. मंदाबाईंचा फोन आला. हात भरलेले होते म्हणून मी स्पीकरवर टाकला.

"मॅडम, माहा माणूस आला घरी. बरा हाये."

मी हातातलं खोकं खाली ठेवलं. सुहास सर पुढे आले. त्यांनाही रात्रभर झोप नव्हती. "बाई, मला माफ करा. तुमचे दिवे माझ्यामुळे..."

"दिव्याचं राहू द्या जी. आयका. काल सकाळी हे मोहाखाली वाकले होते. मान वर केली तं समोर उभा. दहा हातावर. यायनं म्हटलं, सरलं आता. तेवढ्यात त्यानं कान टवकारले. कोनं हाक मारल्यावानी. एकडाव नाई, तीनडाव! मंग तोंड फिरवलं आन् चालू लागला. यायच्याकडे पाह्यलंबी नाई."

मग सरांनीच विचारलं, "कुणीकडे गेला?"

"आज गावचे लोक पावलं पाहून आले. दोन कोस गेले मागंमागं. कुठी वळला नाई, कुठी बसला नाई. सरळ चांद्याकडे."

मग मंदाबाईंनी अगदी काळजीने विचारलं, "सर, तुमी चांद्याहून निंगाले ना?"