सातव्या ओळीतली चिंधी

मामाचा फोन आला तेव्हा मी अमरावतीत, राजापेठेतल्या माझ्या शिकवणीच्या वर्गात होते. सकाळची दहावीची तुकडी, फळ्यावर अर्धवट काढलेली आकृती, खाली रस्त्यावर गाड्यांचा गोंगाट. मामा एरवी फोनवर ओरडूनच बोलतो. त्या दिवशी त्याचा आवाज इतका हळू होता की मला खिडकी लावून घ्यावी लागली. "सुषमे, तुई मामी गेली वं... चहा ठेवला अन् ओट्यावर बसली. मी कप घेऊन आलो, तं..." हृदय थांबलं, असं नंतर कळलं. मी मुलांना घरी पाठवलं आणि पातूरला निघाले. त्याला आता पाच आठवडे झाले. मामीबद्दल लिहायचं तर तिच्या स्वयंपाकावर, मायेवर पानं भरतील. पण मला लिहायचंय ते तिच्या आतड्याच्या तपासणीबद्दल. ऐकायला विचित्र वाटेल, पण मी माझ्या मामीला खरी ओळखली ती त्या चार महिन्यांत.

दुर्गामामी भाजीवाली. पातूरजवळ त्यांचं दोन एकर वावर, त्यात वांगी, मिरची, बांधाच्या कडेने झेंडू. माल अकोल्याच्या बाजारात जायचा. वांग्यांचा तोडा एका दिवसात आटपत नाही, उन्हं उतरली की थांबावं लागतं. बाकीचे लोक दुसऱ्या दिवशी अंदाजाने सुरुवात करतात. मामीला अंदाज हा शब्दच आवडायचा नाही. ती जुन्या लाल लुगड्याची चिंधी कमरेला खोचून यायची, आणि ज्या झाडापाशी हात थांबला त्या झाडाला ती बांधायची. मगच घमेलं उचलायचं. मी लहानपणी सुट्टीत जायचे तेव्हा तिला हसायचे. म्हणायचे, "मामी, एवढं काय त्यात, सकाळी दिसेलच की." ती म्हणायची, "दिसत नाई ना, बाई! अंदाजानं गेलं का चार झाडं सुटते. सुटलेलं वांगं झाडावरच जून होते, अन् मंग झाड नवं फळच धरत नाई." मी पुढे विज्ञानाची पदवी घेतली, शिकवणी काढली, शेकडो मुलांना प्रयोगाच्या नोंदी कशा ठेवायच्या ते शिकवलं. ते सगळं ज्ञान तिच्यापुढे एके दिवशी पार आडवं पडायचं होतं.

चार वर्षांपूर्वी मामीला थकवा येऊ लागला. घमेलं उचललं की धाप लागायची, चेहरा पांढरा पडला होता. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन निम्म्यावर आलेलं, आणि शौचातूनही थोडं रक्त जात होतं. अकोल्याच्या डॉक्टरांनी मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी करायला सांगितली. आदल्या दिवशी ते पोट साफ करायचं औषध दोन लिटर प्यायचं. मामी लिंबू पिळून प्यायली आणि म्हणाली, "अख्ख्या खारपाणपट्ट्याचं खारं पाणी माया पोटात गेलं." तपासणीच्या वेळी मी तिथे नव्हते, माझ्या मुलांच्या परीक्षांची घाई होती. नंतर मामाकडून कळलं. गुंगीचं हलकं इंजेक्शन दिलं होतं. पण मामीची गर्भाशयाची शस्त्रक्रिया झालेली, आत आतडी चिकटून वाकडी झालेली. दुर्बीण वळणावर अडली आणि मामी कळवळली. दोन बाळंतपणं घरात, आवाज न करता काढलेली बाई, बाहेर बसलेल्या मामाला ऐकू जाईल एवढ्याने ओरडली, "थांबा!" डॉक्टर लगेच थांबले.

संध्याकाळी मामाने अहवालाचा फोटो मला पाठवला. घरात इंग्रजी वाचणारी मीच. मी दोन तुकड्यांच्या मधल्या पाच मिनिटांत तो वाचला. वरच्या ओळींत सामान्य, सामान्य, सामान्य असं दिसलं. मी मामाला फोन केला, "काही नाही मामा, सगळं नॉर्मल आहे." मामाने पेढे आणले, गल्लीत वाटले, मारुतीला नारळ फोडला. दुसऱ्या दिवशी मी भेटायला गेले तेव्हा मामी पलंगावर बसली होती, हातात पेढा तसाच.

"सुषमे," ती म्हणाली, "पाह्यलं तेवढं बरं हाय, थे समजलं. पण म्या तं त्याईले मधातच थांबवलं. जे पाह्यलंच नाई, थे बरं हाय हे कोणं सांगितलं?"

मी मोबाईल काढला. अहवाल खालपर्यंत वाचला. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की वेदनेमुळे तपासणी अपूर्ण राहिली, आतड्याचा उजवा भाग पाहता आला नाही, पुढचा पर्याय ठरवण्यासाठी भेटावे. माझे कान तापले. सातवी शिकलेल्या बाईने न वाचता ओळखलं होतं ते मी वाचूनही ओळखलं नव्हतं. मामीने मला एका शब्दाने टोचलं नाही. पेढा तेवढा ताटलीत परत ठेवला.

घरात मात्र सगळ्यांचं एकच मत पडलं, की आता बास. एवढा त्रास झाला, पुन्हा कशाला? शेजारणीने काढा सुचवला, कोणी म्हणालं रक्ताच्या गोळ्या खाऊन भागेल. खरं सांगते, मलाही मनातून तेच हवं होतं. तिला परत त्या टेबलावर पाठवायची माझी छाती नव्हती. मामीने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि सोमवारी मला घेऊन अकोल्याची बस धरली.

डॉक्टर तरुण होते, तिला पाहून जरा अवघडले. वाटलं असावं, बाई भांडायला आली. मामी खुर्चीवर बसली, पदर सावरला. "डॉक्टरसाहेब, मी थांबा म्हटलं अन् तुमी थांबले, तुमचे लय उपकार. पण कुठलोक गेल्ते, तिथं खूण करून द्या." डॉक्टरांनी कागदावर मोठं आतडं काढलं आणि अडलेल्या जागी फुली मारली. मामी बराच वेळ त्या फुलीकडे पाहत राहिली. "म्हंजे अर्धं वावर राह्यलंच हाय," ती म्हणाली. डॉक्टर हसले, मग त्यांनीही पुढचं सगळं सोप्या भाषेत समजावलं. एक रस्ता म्हणजे पुन्हा दुर्बीण, पण भूलतज्ज्ञ घेऊन, पूर्ण झोपवून, बारीक नळीची. दुसरा रस्ता सीटी स्कॅनचा. आतड्यात हवा भरायची आणि बाहेरून चित्रं काढायची, दुर्बीण आत जात नाही. पण त्यात काही सापडलंच तर ते काढायला शेवटी दुर्बीणच लागणार. नुसती शौचाची तपासणी पुरेल का, असं मी विचारलं. रक्त जातंय हे आपल्याला आधीच माहीत आहे, त्यामुळे तिच्यावर थांबता येणार नाही, असं त्यांनी सांगितलं.

मामीने फुलीच्या कागदाची घडी घालून तो कमरेला खोचला. मग जे बोलली ते मला आजही शब्दशः आठवतं. "मले भेव लागते, साहेब. खोटं काहून बोलू? डोळे मिटले का थेच टेबल दिसते. आधी थे बाहेरून पाह्यनारं करू. निंघालं काही, तं मी पुन्हा येईन... पण मले पुरं झोपवजा." भीती नसलेली माणसं मी पाहिली आहेत, त्यांचं मला फारसं कौतुक नाही. भीती अशी समोर मांडून, तिच्यासकट पुढचं ठरवणारी मी ही एकच पाहिली.

स्कॅन अमरावतीला झाला, ती माझ्याकडेच उतरली. पुन्हा ते औषध, पुन्हा लिंबू. हवेने पोट फुगलं, कळा आल्या, पण सोसवल्या. आणि फुलीच्या पलीकडे, न पाहिलेल्या अर्ध्यात, बोराएवढा मांसाचा कोंब, डॉक्टरांच्या भाषेत पॉलिप, दिसला. मी रडले. मामी म्हणाली, "रडतं काहून? सापडला ना!" तीन आठवड्यांनी अमरावतीतच तिला पूर्ण भूल देऊन दुर्बीण घातली. या वेळी ती शेवटापर्यंत गेली, कोंब निघाला. कर्करोग नव्हता, पण तसाच राहिला असता तर पुढे होऊ शकला असता, असं डॉक्टर म्हणाले. शुद्धीवर आल्यावर मामीचा पहिला प्रश्न होता, "पुरं पाह्यलं?" पुरं पाहिलं, असं मी सांगितलं. मग तिने डोळे मिटले.

पुढची चार वर्षं ती रोज वावरात गेली. मला ती वर्षं देणगीसारखी वाटतात, आणि मिळवली तिने स्वतः. गावातल्या बाया अशा दुखण्यांबद्दल कुजबुजत बोलतात. मामी बांधावर बसून मोकळ्या आवाजात सांगायची, "दुखलं तं थांबा म्हणा, लाजू नका. पण थांबल्यावर घरी बसून नका राहू." तिच्या सांगण्यावरून दोघीतिघी तपासून आल्या. मी एवढी वर्षं शिकवते, पण माझं एखादं वाक्य कोणाच्या इतकं कामी आलं असेल असं मला वाटत नाही.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मी मामासोबत वावरात गेले. वांग्यांना पंधरा दिवस कोणी हात लावला नव्हता. सातव्या ओळीत, मधल्या एका झाडाला लाल चिंधी बांधलेली होती. तिच्या अलीकडची झाडं नुसती छोट्या फळांची, पलीकडची पिवळ्या पडलेल्या वांग्यांनी वाकलेली. गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी ती इथवर आली होती. मामा बांधावर बसून राहिला. "तिची गाठ हाय," तो म्हणाला, "माया हात नाई चालत."

माझाही चालत नव्हता. मी घमेलं घेतलं आणि चिंधीच्या झाडापासून तोडायला लागले. जून वांगी बाजूला टाकली, कोवळी घमेल्यात ठेवली. काटे बोटांत गेले, कंबर भरून आली. ओळ संपायच्या आत उन्हं उतरली. मी मागे वळून पाहिलं. मामा उठून उभा राहिला होता. मी परत गेले, दातांनी ती गाठ सोडवली... किती घट्ट मारली होती! चिंधी घेऊन माझा हात जिथे थांबला होता त्या झाडापाशी आले आणि तिथे बांधली. मग घमेलं उचललं.