चार लोकांचं मत

मंठ्याच्या बसस्टँडसमोरच्या हॉटेलवाल्यानं “साधा का स्पेशल?” असं विचारलं, की नाना शेजारच्या बाकड्यावरच्या माणसाकडे वळायचे आणि म्हणायचे, “तुमचं काय मत?” तो माणूस बऱ्याचदा परगावचा, परभणीची गाडी धरायला आलेला असायचा. तरी तो मत द्यायचा, कारण मत मागितल्यावर नाही म्हणणारा माणूस आमच्या तालुक्यात अजून जन्माला यायचा आहे. मग येईल तो चहा नाना निमूट प्यायचे. फिका निघाला तर दोष त्या परभणीवाल्याचा.

रंगनाथ नाना माझे शेजारी. पंचायत समितीतून विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झाले. उभ्या नोकरीत त्यांच्यामागे कधी चौकशी लागली नाही, कारण चौकशी लागण्यासाठी आधी काहीतरी ठरवावं लागतं. समोर येईल त्या फायलीवर ते ‘सर्वांशी चर्चा करून योग्य तो निर्णय व्हावा’ असा शेरा मारत. तो निर्णय कुणी घ्यावा, हे कधी लिहिलं नाही. निरोप समारंभात सगळ्या वक्त्यांनी त्यांना ‘सर्वांना सोबत घेऊन चालणारं व्यक्तिमत्त्व’ म्हटलं आणि नानांनी ते खरं मानलं. मला म्हणायचे, “सर, एकट्यानं ठरवलं की एकट्यालाच निस्तरावं लागतं. चार लोकांचं ऐकून घ्यावं.” मुलीच्या नावावरही त्यांनी इतकी मतं मागवली, की ती आजही घरात नुसती बाळीच आहे.

ही बाळी पुण्याला नोकरी करते. तिनं आईवडिलांना जहाजानं फिरवून आणायचं मनावर घेतलं. मुंबईहून निघायचं, गोव्याला जायचं, परत यायचं. नानांच्या लेखी तो विचाराधीन विषय झाला. त्यांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या लेखी तो ठरलेला होता. ओट्यावर तुरी सोलता सोलता त्या माझ्या बायकोला म्हणाल्या, “आमच्या माहेरच्या तलावाचा पलीकडचा काठ दिसायचा. गोदावरीचा बी दिसतो. ज्याचा काठच दिसत न्हाई असं पाणी एकदा बघायचं हाय. गुडघे अजून ऐकून राह्यलेत, तवर.” नानांनी सगळ्या मंठ्याला विचारलं होतं, पण काकूंना विचारलं नव्हतं.

सल्ल्यांना तोटा नव्हता. डॉक्टर म्हणाले जा, पण जपून. न्हावी म्हणाला जहाजात दाढी करताना हात हलतो, गालाचा भरवसा नाही. माझं मत मी ‘बिलकुल जा’ असं दिलं, त्यावर नाना म्हणाले, “ठीक. तुमचं आलं.” सर्वांत जास्त वजन होतं ते माजी चेअरमन भुजंगरावांच्या शब्दाला, कारण ते जायकवाडीला एकदा होडीत बसले होते. “नाना, म्या बसेल हाय होडीत, म्हणून सांगतो,” ते म्हणाले. “जायकवाडीला बी काठ दिसत न्हाई. मंग मुंबईला जायचं कारणच काय?” कुणीतरी राजूरच्या गणपतीला जाऊन या म्हणालं. नाना गेले, दर्शन घेऊन आले. मी विचारलं, तर म्हणाले, “त्याचं मत काही कळलं न्हाई.”

मग निघाला मावंद्याचा प्रश्न. आमच्याकडे काशी-रामेश्वर करून आलेला माणूस गावाला जेवू घालतो, ते मावंदं. जहाजाचं मावंदं करायचं का नाही, यावर हॉटेलात दोन तट पडले.

“ही यात्रा न्हाई,” नाना म्हणाले.

“मंग चालले कशापायी?” भुजंगरावांनी विचारलं. देव नाही, लग्न नाही, मयत नाही, आणि माणूस घर सोडून चालला, हे आमच्या गावात कुठेच बसत नव्हतं. तेव्हा यात्राच आहे असं लोकांनी ठरवून टाकलं आणि दुसऱ्या दिवसापासून निरोपाचा आहेर सुरू झाला. काकूंची ओटी, नानांना टॉवेल-टोपी. समोरच्या गोदाआजींनी काकूंना बजावलं, “येताना तिथलं पाणी आण बाई, तीर्थाला.” नानांनी सगळ्या टोप्या घेतल्या, हो मात्र कुणाला म्हणाले नाहीत.

निघायच्या सकाळी जीप दारात उभी राहिली. जालन्याहून रेल्वे, पुढे मुंबईला बाळी भेटणार. गल्ली जमली होती. भुजंगरावांनी नानांच्या गळ्यात हार घातला. काकू केव्हाच गाडीत बसल्या होत्या. ड्रायव्हरनं विचारलं, “नाना, बसताय ना?” आणि जन्माची सवय, नाना गर्दीकडे वळून म्हणाले, “काय करावं मंग?”

एवढं पुरे झालं. निम्मी गल्ली जा म्हणाली, निम्मी म्हणाली अजून विचार करा. भुजंगरावांनी दोन्ही बाजू समजावून सांगायला घेतल्या. काकूंनी थोडा वेळ ऐकलं. संसारभर ऐकलंच होतं. मग त्यांनी हात लांब करून जीपचं दार ओढलं आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, “चला.”

हार घातलेले नाना रस्त्यात उभे राहिले. आहेर घेतलेला असल्यामुळे नंतर त्यांना तोंड दाखवायची सोय उरली नाही. घरातच बसून असायचे. आम्ही डबा न्यायचो. एकदा मी असतानाच काकूंचा फोन आला आणि त्यांनी फोन फिरवून समुद्र दाखवला. नानांनी फोन डोळ्यांशी धरला.

“काठ कुठंच न्हाई का?”

“न्हाई,” काकू म्हणाल्या. त्यांचा एवढा मोकळा आवाज मी याआधी ऐकला नव्हता.

मावंदं झालंच. काकूंनी बाटलीभर समुद्र आणला होता. पंगत बसायच्या आधी त्यांनी प्रत्येकाच्या तळहातावर पळीभर पाणी घातलं. तीर्थच ते, थुंकणार कोण? सगळ्यांनी डोळे मिटून गिळलं. भुजंगराव म्हणाले, “वा, शांत वाटलं.” गोदाआजी हात जोडून म्हणाल्या, “गोड हाय.” नाना कोपऱ्यात होते. त्यांनी घोट घेतला, पण या वेळी कुणाकडे पाहिलं नाही.

“खारट हाय,” ते म्हणाले. नंतर म्हणाले, “मी जायला पायजे होतं.”

नानांचं स्वतःचं असं मत मी ते पहिल्यांदा ऐकलं. पुढच्या हिवाळ्यात काकूंबरोबर जायचं त्यांनी ठरवलं होतं, आणि खरंच कुणालाही विचारलं नव्हतं. पण दिवाळीआधीच एका दुपारी झोपेतच गेले.

अस्थी कुठे न्यायच्या, यावर अंगणात चर्चा बसली. कुणी नाशिक म्हणालं. भुजंगराव म्हणाले, “पैठण बराबर राहील, जवळ बी हाय.” नाना असते तर संध्याकाळपर्यंत सगळ्यांचं ऐकत बसले असते. काकू आतून आल्या आणि बाळीला म्हणाल्या, “मुंबईला चल. समुद्रात सोडू.”

भुजंगरावांनी विचारलं, “तिथंच का, वहिनी?”

“त्यांचं तिकीट तवा वाया गेल्तं,” काकू म्हणाल्या, आणि चपला शोधायला लागल्या.