साहेबाची घंटा

आमच्या गावच्या मारुतीसमोरची घंटा वर्षातून एकदाच वाजते. दिली ती एका इंग्रज साहेबाने. रोज संध्याकाळी वाजवा आणि सरकारचं भलं मागा, एवढीच त्याची अट. माझ्या पणजोबांनी हात जोडून सांगितलं, "हुजूर, आमच्या धर्मात घंटी फक्त मारबतीले वाजते." असा धर्म तोवर कुठेच नव्हता. पण रयतेच्या धर्मात हात घालायचा नाही, हे साहेबाच्याच सरकारचं धोरण. बिचाऱ्याने अट सोडून दिली.

मारबत म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पळसाच्या फांद्या घेऊन शिवेबाहेर जायचं. एकाने रोगांची, किडींची नावं घ्यायची आणि बाकीच्यांनी ओरडायचं, "घेऊन जाय गे मारबत!" त्या वर्षी साहेब टोपी काढून बघत उभा राहिला. नावांत त्याचंही नाव होतं. त्याच्या मुनशीने सांगितलं, हुजुरांना दीर्घायुष्य मागताहेत. साहेबाने टाळ्या वाजवल्या म्हणे. हे सगळं आत्याने सांगितलेलं, तेव्हा थोडा मीठमसाला धरूनच चालावं.

गेल्या वर्षी माझा चुलतभाऊ देवळाच्या कमिटीचा अध्यक्ष झाला आणि त्याने घंटेला मोटर बसवली. रोज सकाळ-संध्याकाळ बटण दाबलं की ठणठणाट.

"घंटी न वाजवणं म्हंजे धर्माचा अपमान आहे आत्या," तो म्हणाला.

"सायबाले जमलं नाई, ते या पोट्ट्यानं करून दाखवलं," आत्या मला म्हणाली आणि खरंच रडली. तिच्या आजोबांची एवढी एकच गोष्ट तिच्याकडे उरली होती. मला भावाचा असा राग आला की मी त्याच्या घरचा चहाही घेतला नाही.

मारबतीला नावं घ्यायला आत्याच पुढे झाली. खोकला झाला, बोंडअळी झाली. शिवेपाशी तिने दम घेतला आणि खड्या आवाजात ओरडली, "घंटीची मोटर!"

"घेऊन जाय गे मारबत!"

सगळ्यात मोठा आवाज अध्यक्षांचा. लहानपणापासूनची सवय, नाव कळायच्या आधीच तोंड उघडतं. कळलं तेव्हा सगळं गाव त्याच्याकडे बघून हसत होतं. मारबतीला दिलेलं गावात परत आणत नाहीत, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती.

संध्याकाळी तो पाना घेऊन स्टुलावर चढला. खाली स्टूल धरून आत्या.

"सायबानं नुसत्या टाळ्या वाजवल्या होत्या," ती म्हणाली. "तू तं वरडला बापा. आपलाच आहेस तू."