मागच्या चाकांचा ताव

मुळशी धरणाच्या काठी असलेल्या आमच्या गावातून पौडच्या साक्षरता वर्गाला जाण्यासाठी मला वाहन हवे होते. त्या निमित्ताने माझी बद्रुन्निसाबाईंशी ओळख झाली. त्या पौडच्या पेठेत राहत. सकाळी रिकामी जीप घेऊन त्या वर येत, आमच्या फाट्यावर थांबत आणि आम्हा बायांना घेऊन खाली उतरत. मागच्या बाकांवर भरे गावाकडच्या कारखान्यांत जाणाऱ्या बाया बसत. बाईंच्या शेजारची पुढची जागा, वयाचा मान म्हणून, माझी असे.

ती जीप त्यांच्या यजमानांची होती. यजमान गेल्यावर त्यांचे धाकटे दीर युनूस, ज्यांचे भऱ्याच्या वाटेवर गॅरेज आहे, यांनी बाईंना गाडी शिकवली. बाई गाडी अशी चालवीत की मांडीवर ठेवलेल्या तांब्यातले पाणी हलू नये. त्या गाडी चालवताना फारसे बोलत नसत. धरणावर धुके असले की पाणी कोठे संपते आणि आकाश कोठे सुरू होते हे मला उमजत नसे. त्या पाण्याखाली जुनी गावे आहेत, असे माझ्या सासूबाई सांगत. खिडकीतून पाहताना मला वाटे, आपण त्या बुडालेल्या गावांच्या वरून, कोणाचीही झोप न मोडता, तरंगत चाललो आहोत.

त्या धुक्यातून रस्त्याकडेच्या पाट्या एकेक करून वर येत. मी अक्षर अक्षर जुळवून वाचू लागे. पण शब्दाचा शेवट हाती येण्यापूर्वीच पाटी मागे पडे. किती तरी शब्द माझ्याकडे असे अर्धेच राहिले होते.

दसऱ्यानंतर मात्र मला पाट्या पूर्ण वाचता येऊ लागल्या. प्रथम मला वाटले, आपले वाचन सुधारले. पुढे ध्यानात आले की गाडीच मंद झाली होती. धरणाच्या उतारावर जी जीप आपणहून धावे, ती आता कोणी मागून पदर धरल्यासारखी रेंगाळत असे. शेतांत आंबेमोहर पिकत आला होता आणि त्याच्या वासात काही तरी करपल्याचा वास मिसळत होता.

"बद्रूताई, चाकावर भाकऱ्या भाजून घेऊ का गं? डबा करायला येळच झाला न्हाई," मागून गौतमी म्हणाली. ती त्या बायांत सर्वांत बोलकी होती.

"भाज की. पीठ आन तेवढं," बाई म्हणाल्या. पण त्या हसल्या नाहीत.

मागची चाके तापत होती. बाईंनी जीप युनूसभाईंकडे नेली. त्यांनी ड्रम उघडून ब्रेकचे लायनर बदलले, गाडी चालवून पाहिली, चाके गार. बाईंच्या हाती आली आणि दुसऱ्याच दिवशी पुन्हा तोच वास. दुसऱ्यांदा नेली, तेव्हाही तसेच झाले. मग युनूसभाई पौडच्या थांब्यावर, आमच्या सर्वांच्या देखत, म्हणाले, "भाभी, राग मानू नका. गाडी माझ्या हातात गार, तुमच्या हातात गरम. तुमचा पाय ब्रेकवरच ऱ्हातो. घाटाकडची वाट हाय, उद्या ब्रेकच लागला न्हाई तर? सूस गावचं एक गिऱ्हाईक हाय. येत्या रविवारी गाडी बघायला बोलावतो."

"माझा पाय मला कळत न्हाई व्हय?" बाईंनी विचारले.

"कळत न्हाई म्हणून तर सांगतोय."

त्या दिवसापासून मागच्या बाकावर कुजबुज सुरू झाली. दोघी जणी एस.टी.ने जाऊ लागल्या. बाई मात्र वारंवार आपल्या उजव्या पावलाकडे पाहत, जणू ते दुसऱ्या कोणाचे पाऊल असून त्यांच्याकडे ठेवायला दिले होते. एकदा त्या हळूच म्हणाल्या, "मावशी, नवरा गेला तवा ह्या गाडीनं मला घराबाहेर काढलं. आता माझा पायच खोटा निघाला, तर मी कुटं जाऊ?"



त्या रविवारच्या आधीचा गुरुवार उजाडला. गुरुवारी कारखान्यांना सुट्टी असते, त्यामुळे जीपमध्ये मी एकटीच होते. करपल्याचा वास येताच बाईंनी पाण्याच्या काठी सपाट जागा पाहून गाडी उभी केली आणि चाकाला दगड लावला.

"मावशी, तुमचा हात भाकरीचा हाय. चाकाला लावू नका, लांबनंच धरा. ताव सांगा."

तव्याला बोट न लावता ताव ओळखणे हे मी जन्मभर केले आहे. मी पुढच्या चाकाजवळ तळहात धरला. विझत आलेल्या चुलीची ऊब असते, तेवढीच ऊब होती. दुसरे पुढचे चाक तसेच. मागच्या चाकाजवळ मात्र हात ठरेना. भाकरी टाकताच फुगेल असा ताव. चौथे चाकही तसेच तापले होते.

"म्होरची दोन्ही बरी. मागली दोन्ही तापल्यात," मी सांगितले.

बाई धुक्याकडे पाहत उभ्या राहिल्या. पाण्यावर एक होडी थांबली होती, की चालली होती, ते कळत नव्हते. मग त्या स्वतःशीच बोलाव्या तशा बोलल्या, "पायाचा ब्रेक चारी चाकांना लागतो. माझा पाय खोटा असता, तर चारी तापली असती." त्या थांबल्या. "निस्त्या मागल्या दोन चाकांना काय लागतं? हातातला ब्रेक."

त्या आपल्या जागी बसल्या. दोन बैठकांच्या मध्ये हँडब्रेकचा दांडा होता. त्यांनी तो वर ओढला आणि सावकाश खाली सोडला. दांडा पूर्ण खाली बसला नाही. मध्येच कशावर तरी टेकला, म्हणजे ब्रेक अर्धा लागलेलाच राहत होता. त्याच्याखाली एक लाल पुरचुंडी होती.

ती आमचीच होती. खंडेनवमीला आम्ही विळा, पाटा-वरवंटा पुजतो. यंदा गौतमीने म्हटले, आपल्याला पोटापाण्याकडे नेते ती जीपही पुजू. आम्ही हळदकुंकू वाहिले आणि हळकुंड, सुपारी व मूठभर तांदूळ लाल कापडात बांधून ती पुरचुंडी बाईंच्या हाती दिली. ती कोठे ठेवावी, हे कोणी सांगितले नाही. आमच्या घरी ते सांगावे लागत नाही.

"देवाची वस्तू. पाय लागू नये, म्हणून मी हितं दांड्याखाली ठिवली," बाई म्हणाल्या. "अन गॅरेजात गाडी देताना काढून घरी न्यायची. तिथं सगळ्यांचं तेलाचं हात."

म्हणून युनूसभाईंच्या हातात गाडी गार होती.

चाके निवेपर्यंत आम्ही काठावर बसलो. नंतर पुरचुंडी माझ्या ओटीत ठेवून बाईंनी गाडी सुरू केली. उतार आला आणि जीप धावू लागली. धुक्यातून पाटी वर आली, मी पहिले अक्षर लावले, दुसरे लावले, आणि शब्द माझ्या हातातून निसटून पाण्याकडे गेला. मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने हसले.

पौडला मी पुन्हा चारी चाकांजवळ हात धरला. कोठेही ताव नव्हता. बाईंनी युनूसभाईंना फोन करून बोलावून घेतले. त्यांनी दांडा वर-खाली करून पाहिला, मी बाईंच्या हाती परत दिलेली पुरचुंडी पाहिली, आणि डोक्याला हात लावला.

"भाभी, तुमी आजार घरी ठिवून गाडी दवाखान्यात आनत व्हता!"

"आता पायाचं बोला."

"पाय बरोबर हाय," ते म्हणाले. "सूसच्या माणसाला नको म्हणून सांगतो."

दुसऱ्या दिवशी फाट्यावर मी बायांना सर्व सांगितले. एस.टी.ने जाणाऱ्या दोघीही मागच्या बाकावर येऊन बसल्या. गौतमीचा चेहरा उतरला. "आमच्यामुळंच झालं की गं, बद्रूताई," असे म्हणून तिने पुरचुंडी परत घेण्यासाठी हात पुढे केला.

बाईंनी ती आपल्या मुठीत धरून ठेवली आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मावशी, ही परत घेऊ नका. हिची जागा तेवढी मला दाखवा."