अर्जदाराचं नाव

माझी आत्या उमरठच्या अलीकडच्या एका वाडीत राहायची. मी महाडला शाळेत शिकवत होते. दिवाळीच्या आणि मेच्या सुट्टीत मीच चार दिवस तिच्याकडे जाऊन यायचे. ती महाडला फारशी येत नसे. त्यामुळे दोन हजार सालाच्या आसपास एका शनिवारी, सकाळची शाळा सुटता सुटता, ती पोलादपूरच्या गाडीतून उतरून थेट शाळेच्या फाटकात उभी दिसली, तेव्हा काहीतरी बिनसलंय हे मला कळलं.

घरी आणून तिला जेवायला वाढलं. जेवून हात धुऊन आली आणि म्हणाली, "पुतण्या घर पाडून नवं बांधतोय. माझ्या खोल्या त्यात जातात."

आत्याची हकिगत आमच्या घरात सगळ्यांना माहीत होती. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी तिचा नवरा गेला. मुलगी तेव्हा तान्ही. मागोमाग वर्षाच्या आत सासराही गेला. पण जाण्याआधी सासऱ्यानं मृत्युपत्र करून घराची एक बाजू, म्हणजे पडवी आणि दोन खोल्या, आणि ओढ्याकडची दोन भातखाचरं या विधवा सुनेला दिली होती. त्यावर आत्यानं सगळं आयुष्य काढलं. मुलीला वाढवलं, तिचं लग्न केलं. तिचा धाकटा दीर अंगणापलीकडच्या बाजूला राहायचा. आत्या त्याच्याशी तीस-पस्तीस वर्षं कामापुरतंसुद्धा बोलली नव्हती. तो दोन वर्षांपूर्वी वारला. आता त्याचा मुंबईत नोकरी करणारा मुलगा गावात पक्कं घर बांधायला निघाला होता, आणि सातबारावर आत्याचं नावच नव्हतं.

"पोरगा वाईट नाय गो," आत्या म्हणाली. "म्हणतो, काकी, कागद असंल तर दाखव, मी कशाला नाय म्हणू? पण तलाठी कागदाबिगर ऐकत नाय."

"कागद कुठे आहे?"

"पत्र्याच्या पेटीत होता. वाळवीनं खाल्ला. मी उघडली तर नुसती माती."

"आणि दिराच्या कागदांत?"

"पुतण्यानं सगळं उलटंपालटं केलं. काय नाय मिळालं." मग जरा ताठ बसून म्हणाली, "पण कोर्टात असंल. म्हाडच्या कोर्टात झालं होतं सगळं. माझ्या बापानं दिराशी भांडून मिळवून दिलंय ते."

तिचा बाप म्हणजे माझे आजोबा. ते जाऊनही वीस वर्षं झाली होती. विचारायला कुणी उरलं नव्हतं.

सोमवारी मी अर्धी रजा टाकून कोर्टात गेले. रेकॉर्ड सांभाळणारे कारकून निवृत्तीला आलेले, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यांनी विचारलं, "वर्ष आणि नंबर?"

"दोन्ही माहीत नाही."

मला वाटलं आता हे हाकलून देणार. ते म्हणाले, "मग शोधाचा अर्ज करा. साध्या कागदावर. मयताचं नाव, अर्जदाराचं नाव, गाव, अंदाजे साल. कोर्ट फीचं तिकीट लावा. साल मात्र नीट काढून आणा बाई, नाहीतर मी किती रजिस्टरं चाळू?"

साल काढायचं म्हणजे आत्याच्या आठवणीतून काढायचं. ती अजून माझ्याकडेच होती, त्या संध्याकाळी तिला समोर बसवलं. कोर्टात गेली तेव्हा भात झोडून झालं होतं, एवढं तिला पक्कं आठवत होतं. मुलगी कडेवर होती, तिला खालचे दोन दात आले होते आणि कोर्टाच्या पायरीवर ती आत्याच्या पदराचं टोक चावत बसली होती. म्हणजे मुलीचं जन्मसाल कळलं की झालं. आत्याच्या मुलीकडून शाळा सोडल्याचा दाखला मागवला. त्यावर जन्मतारीख होती एक जून. मला हसूच आलं. शाळेत नाव घालताना ज्या मुलांची तारीख कुणाला ठाऊक नसे, त्यांना आम्ही मास्तर लोक एक जूनच देत आलो होतो. सालही गुरुजींनी तोंडाकडे बघून घातलेलं. तेव्हा त्या सालाच्या मागचं एक आणि पुढचं एक धरून मी अर्जात तीन सालं लिहिली. अर्जदार म्हणून आत्याचं नाव घातलं. प्रकार काय लिहायचा ते कळेना, म्हणून 'वारस दाखला' लिहिलं.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. माझ्याच अर्जाच्या पाठीवर, सुबक अक्षरात: "सदर नावाचे प्रकरण आढळून येत नाही."

वाडीत जाऊन आत्याला ते वाचून दाखवलं. ती चुलीतली राख हलवत होती. "जाऊ दे," म्हणाली. "माझं आता राहिलंय किती?" त्या 'जाऊ दे'चा मला राग आला. तिचा नाही, कुणाचा ते सांगता येणार नाही. मी परत कोर्टात गेले.

कारकुनांनी मला ओळखलं. "बाई, तिन्ही वर्षं मी स्वतः बघितली. वारस दाखल्यात तुमच्या आत्या नाहीत."

"पण सासऱ्यानं मृत्युपत्र केलं होतं. तेच कोर्टात आलं होतं."

त्यांनी चष्मा काढला. "मृत्युपत्र? मग तुम्ही वारस दाखला कशाला लिहिलंत?"

"मला फरक माहीत नव्हता."

"मृत्युपत्र कोर्टाकडून शाबीत करून घेतात, त्याला प्रोबेट म्हणतात. ते वेगळं. आणि त्याचा अर्ज ज्याला मिळणार आहे तो करत नाही. ज्याच्यावर मयतानं जबाबदारी टाकलेली असते, की माझ्यामागे तू हे असं असं वाटून दे, तो करतो. तुमच्या आत्याच्या सासऱ्यानं कुणावर टाकली असेल?"

मी म्हटलं, घरात दुसरं कुणी नव्हतंच. एक दीर होता, पण तो तर विरोधात होता.

"नाव सांगा," ते म्हणाले.

ते आतल्या खोलीत गेले. खिडकीतून मला मांडण्या दिसत होत्या, खालच्या दोन फळ्या रिकाम्या. पुराचं पाणी शिरतं म्हणून खाली काही ठेवत नसत. तासाभरानं ते एक लांबरुंद रजिस्टर छातीशी धरून आले. कापडी पाठ, पानं तपकिरी, वर 'जिल्हा कुलाबा' लिहिलेलं. एका ओळीवर त्यांनी बोट ठेवलं. मयत म्हणून आत्याचे सासरे. अर्जदार म्हणून दीर.

"मधल्याच सालात आहे," ते म्हणाले. त्यांना माझ्याहून जास्त आनंद झाला होता. "मूळ फाईल अलिबागला. घाबरू नका, असल्या फायली नाश करत नाहीत, कायमच्या ठेवतात. हा नंबर घ्या आणि तिथे नकलेचा अर्ज टाका."

अलिबागला मी दोनदा गेले. पहिल्यांदा अर्ज द्यायला, एकटी. दुसऱ्यांदा नक्कल घ्यायला, तेव्हा आत्या हट्टानं बरोबर आली. मूळ कागदांच्या झेरॉक्सची अकरा पानं मिळाली, प्रत्येकावर गोल शिक्का. परतीच्या गाडीला वेळ होता. एसटी स्टँडच्या बाकावर बसून आत्या म्हणाली, "वाच."

मी वाचायला लागले. पहिला अर्ज दिराचा. वडिलांनी अमुक तारखेला मृत्युपत्र केलं, त्याप्रमाणे वागण्याची जबाबदारी माझ्यावर टाकली, तरी कोर्टानं ते शाबीत करून द्यावं. मग मृत्युपत्र. त्यात दोन खोल्या, पडवी, दोन खाचरं, सगळं चतुःसीमेसह लिहिलेलं. आत्या मान डोलवत होती. मग एक हरकतीचा अर्ज आला. मी थांबले.

"कोणाची हरकत? त्याचीच असंल," आत्या म्हणाली.

"नाही. आजोबांची."

मृत्युपत्र दिरानं आपल्या फायद्यासाठी बनवलं असावं, आपल्या मुलीचा यात हक्क डावलला जाईल, असा संशय आजोबांनी घेतला होता. पुढे दिराचा जबाब होता. कारकुनी भाषेतला, पण वाक्यं त्याची होती. 'वडिलांनी सांगितले तसे मी करणार. वहिनी राहते त्या खोल्यांवर माझा हक्क नाही. ती व तिची मुलगी आमच्याच घरची आहेत.' त्यानंतर आजोबांनी हरकत मागे घेतल्याचा दोन ओळींचा कागद, आणि शेवटी कोर्टाचा हुकूम.

"ते दिराचं परत वाच," आत्या म्हणाली. मी परत वाचलं. तिनं तिसऱ्यांदा वाचायला लावलं.

मग म्हणाली, "मी बाहेर पायरीवर बसले होते. आत काय झालं ते मला कुणी सांगितलंच नाय. बापानं येऊन एवढंच सांगितलं, काम आपल्या मनासारखं झालं. मला वाटलं, आपण जिंकलो." डोळ्याला पदर लावून ती गाडी लागेपर्यंत तशीच बसली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. आजोबांचा मला राग आला, आणि लगेच त्यांची कीवही आली. विधवा लेकीचा बाप घाबरलेला असणार, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी वाडीत पोचलो. आत्या आपल्या दारात गेलीच नाही. अंगण ओलांडून सरळ जावेच्या दारात उभी राहिली. दिराची बायको तांदूळ निवडत होती. तिच्या हातातलं सूप तसंच राहिलं.

"जावबाय, भाऊजी माझ्यासाठी कोर्टात गेले होते, ते तुला ठाव होतं?"

"ठाव होतं," जाऊ म्हणाली.

"मग सांगितलं का नाय?"

"ते नको म्हणायचे. तिच्या बापानं मला चोर ठरवलं, आता मी आपल्या तोंडानं काय सांगू, म्हणायचे. एकदा तलाठ्याकडं गेले होते तुझं नाव लावायला. तलाठी म्हणाला, बाईला सहीला घेऊन या. तू तर बघत पण नव्हतीस त्यांच्याकडं. राहिलं तसंच." सूप बाजूला ठेवून ती म्हणाली, "आत ये. उभी किती राहशील?"

आत्या आत गेली. मी बाहेरच थांबले. आतून बराच वेळ दोघींचं एकदम बोलणं ऐकू येत होतं, कोण काय म्हणतंय ते कळत नव्हतं.

पुढच्या शनिवारी पुतण्या मुंबईहून आला. मी त्याच्या हातात नक्कल दिली. त्यानं बाकीची पानं उलटली आणि जबाबाखालच्या सहीवर थांबला. "बाबांची सही हाय. चौथी पास होते, पण सही कडक करायचे." मग आत्याकडे बघून म्हणाला, "काकी, मला खरंच म्हाईत नव्हतं. नकाशा बदलून घेतो."

तलाठ्याकडे मी गेले नाही. आत्या आणि जाऊ दोघी मिळून गेल्या, सकाळच्या गाडीनं. महिन्या-दीड महिन्यात फेरफार मंजूर झाला आणि सातबारावर आत्याचं नाव चढलं. नव्या घरात तिच्या दोन खोल्या राहिल्या, पडवी मात्र पुतण्यानं दोन्ही बाजूंना जोडून एकच लांब केली. आत्यानं त्याला आधी थोडा विरोध केला. पावसात ओढ्याकडच्या खाचरांत लावणीला यंदा जाऊ आणि तिची सून उतरल्या, असा निरोप तिनं मला पाठवला.

शाळेत ही गोष्ट पसरली. आमच्या शिपाईमामांनी एक दिवस मधल्या सुट्टीत विचारलं, "बाई, वरंधला माझ्या आईच्या माहेरचं असंच काहीतरी कोर्टात होतं म्हणतात. अर्ज कसा लिहायचा?" मी वहीतलं कोरं पान फाडलं आणि त्यांना पहिला प्रश्न विचारला, "वारस दाखला की मृत्युपत्र?"