एकशे चार नंबरचा कपॅसिटर

९ ऑगस्ट २००३, शनिवार. रक्कम सहा हजार आठशे रुपये. हजर: मी, आमची मुलगी आणि तिचे वडील. जागा, आमचं स्वयंपाकघर.

सहा हजार आठशे ही कॅम्पातल्या दुकानदाराने सांगितलेली किंमत. वस्तू म्हणजे गिटार आणि अँप्लिफायर यांच्या मध्ये जोडायची एक छोटी पेटी, पेडल. पायाने तिचं बटण दाबलं की गिटारचा स्वच्छ आवाज फाटतो, करकरतो. हेवी मेटल वाजवायचं तर तिच्यावाचून भागत नाही. मुलीच्या कॉलेजातल्या चार मुलांच्या बँडला गिटार वाजवणारं कुणीतरी हवं होतं. २४ तारखेला, रविवारी, ते तिला ऐकणार होते. एकदाच. गेले आठ महिने ती खोलीचं दार लावून त्यांच्याच दोन गाण्यांवर बसली होती.

"पैसे देऊन आवाज बिघडवायचा?" हे म्हणाले. "आपला मिक्सर फुकट बिघडलाय. तो घेऊन जा."

"बाबा, प्लीज."

माझा पगार तेव्हा सात हजार दोनशे होता. मी म्हटलं, आपण घरी बनवू. ती बढाई नव्हती. भोसरीच्या एका कारखान्यात मी एकोणीस वर्षं अँप्लिफायर तपासत होते. एका बाजूने सूर आत सोडायचा, दुसऱ्या बाजूने आलेला मोजायचा, आणि तो किती बिघडला ते लिहायचं. एक टक्क्यापर्यंत पास. त्यावर गेला की लाल चिठ्ठी.

मुलीने सायबर कॅफेतून तीन आराखडे छापून आणले. त्यातला एक निवडून आम्ही बुधवार पेठेतून सुटे भाग आणले, सहाशे बारा रुपयांचे. ते आधी भोकाभोकांच्या पांढऱ्या पट्टीवर नुसते खोचून जोडले, म्हणजे ऐकून बदलता येतात. आवाज जिथे फाटतो त्या जागी साधे डायोड लावायचे की छोटे लाल दिवे, यावर आमचं एकमत होईना. मला दिव्यांचा आवाज जरा मोकळा वाटला. ती एकच तुकडा दोन्हीवर पंधरा-पंधरा वेळा वाजवत राहिली.

"डायोडच," ती म्हणाली. "ऐक ना आई. दातात वाळू आल्यासारखं व्हायला हवं."

"आणि कुणाला हवंय ते?"

"मला."

प्रत्येक भागाची किंमत आणि त्यावरचा आकडा तिने वहीत लिहिला. अक्षर तिचं, पद्धत माझी.

प्लॅस्टिकच्या डबीत अशी वस्तू गुणगुणते, म्हणून पेटी धातूची हवी. आम्ही कसबा पेठेत एका वयस्कर तांबटाकडे गेलो. त्यांनी कागदावरची मापं पाहिली आणि विचारलं, "हे भोक कशाला?"

"बटणाला. पायाने दाबायचं असतं," मुलगी म्हणाली.

"वाद्याला पाय लावणार? मग तांबं मिळायचं नाही, ताई. पितळही नाही."

"काका, पायपेटीला नाही का पाय लावत?"

"पायपेटीवाला पायानं भाता हलवतो. सूर हातानंच लावतो." पण ते हसले होते. "ॲल्युमिनियमचा पत्रा आहे. त्याला काही वाटत नाही." साडेतीनशे ठरले.

पेटी शनिवारी, २३ तारखेला मिळणार होती. आदल्या दिवशी मी ती खोचलेली पट्टी पिशवीतून कारखान्यात नेली आणि साहेबांना विचारून जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलावर लावली. मोजमापाचा काटा शेवटच्या आकड्याला जाऊन टेकला आणि तिथेच थरथरत राहिला. तसं होणारच होतं, ते मला माहीत होतं. तरी माझा हात लाल चिठ्ठीकडे गेला.

शनिवारी मुलगी कॉलेजला जाताना म्हणाली, "सोल्डरिंगचे डाग तूच दे, आई. तुझे सांधे स्वच्छ असतात." मी एकेक भाग वहीवरून लावत गेले. शेवटी एक कपॅसिटर राहिला, ज्यावर १०३ लिहिलेलं होतं. आवाजातली बारीक, तीक्ष्ण किनार किती राहू द्यायची ते तो ठरवतो. मी १०३ ऐवजी १०४ लावला, दसपट मोठा. तो दीड रुपयाला मी स्वतंत्र आणला होता, म्हणजे ते ऐन वेळी सुचलं असं मला म्हणता येत नाही. वाटलं, किनार थोडी बोथट झाली तर ऐकणाऱ्याला बरं. पोरीने नुसता गोंगाट केला असं कुणी म्हणू नये. तिला मात्र मी सांगितलं नाही. चार स्क्रू आवळले.

त्या दुपारी खालच्या मजल्यावरचे आजोबा गेले. घरात आवाज करायचा प्रश्नच नव्हता. संध्याकाळी मुलीने पेटी हातात घेतली, बटण दोनदा दाबून पाहिलं, आणि अँप्लिफायर न लावताच बोटं फिरवत बसली.

रविवारी मी तिला स्कूटरवरून वाघोलीला नेलं. एका मुलाच्या वडिलांच्या गोदामात त्यांचा सराव चाले. मी बाहेर स्कूटरपाशी थांबले. ड्रम सुरू झाले, मग दुसरी गिटार, आणि त्यांच्या खालून कुठूनतरी आमची. गोधडीखालून कुणी बोलावं तशी. ती जास्त जोरात वाजवू लागली. त्याने आवाज मोठा झाला, स्पष्ट झाला नाही. तो का होत नाही हे त्या आवारात एका माणसाला माहीत होतं, आणि ते माणूस बाहेर उभं होतं. आत जाऊन पेटी उघडायला पाच मिनिटं पुरली असती. पर्समध्ये स्क्रू-ड्रायव्हर होता. मी गेले नाही.

बँडचा मुख्य मुलगा तिच्याबरोबर बाहेर आला. "काकू, बोटं एकदम भारी आहेत तिची. पण साउंड आमच्यात बसत नाही हो."

घरी आल्यावर तिने पेटी उघडली, वही शेजारी ठेवली आणि बोटाने एकेक भाग तपासला. मी शिकवलं होतं तसंच.

"आई, हा एकशे चार कुणी लावला?"

"मीच."

"चुकून?"

हो म्हणणं सोपं होतं. "नाही," मी म्हणाले.

"एकदा विचारायचंस तरी."

तिची निवड होऊ नये असं मला मनातून वाटत होतं का, हे मी नंतर पुष्कळदा तपासलं. काटा कुठल्याच आकड्यावर ठरत नाही.

तिने स्वतः १०४ काढून १०३ लावला. तिचा सांधा माझ्याइतका स्वच्छ नव्हता, पण पक्का होता. मग, खाली सुतक आहे हे न जुमानता, एकदाच वाजवलं. खिडकीची काच थरथरली, हे बाहेरच्या खोलीतून ओरडले, आणि मला दातात वाळू आल्यासारखं झालं. हे तिला गोदामात वाजवता आलं असतं.

त्या मुलांनी दुसऱ्या कुणालातरी घेतलं होतं.

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी तिने शिकवणीच्या पैशातून नऊशे बासष्ट रुपये माझ्यासमोर ओट्यावर ठेवले. भाग सहाशे बारा, पेटी साडेतीनशे. "आता ही माझी," ती म्हणाली. मी नको म्हणाले, तेव्हा ती पैसे तिथेच ठेवून गेली. दुपारी मी ते उचलले. १०४ नंबरचा दीड रुपया त्यात नव्हता. तो मी बुधवार पेठेतल्या दुकानदाराला दिला होता, आणि तो माझाच खर्च होता.