निळ्या कापडाखालचे दत्तूकाका

दत्तूकाकांची पाठ मिलमध्ये मोडली नव्हती.
ती मी मोडली.

आज सकाळी बुधवाऱ्यातल्या घरी काका वारले. आता तरी खरं सांगून टाकतो.

आमच्या पेपर मिलच्या कॉलनीत गणपतीत नाटक व्हायचं. नाटक कुठलंही असो, शेवटी तापीला पूर यायचाच. हिरोइन वाहून जायची आणि हिरो, म्हणजे अस्मादिक, पुलावरून उडी मारून तिला बाहेर काढायचे.

पूल म्हणजे कॅन्टीनची दोन टेबलं. तापी म्हणजे लांबलचक निळं कापड. त्याखाली ओणवे होऊन पाठीनं लाटा उठवायला मिलचे चार कामगार. काका त्यातले एक.

कापडाखाली नियम एकच. पडदा पडेपर्यंत पाणी थांबवायचं नाही.

त्या वर्षी फोपनारहून ट्रॅक्टर भरून लोक आले होते. मला शिट्ट्या हव्या होत्या.
कापडाखाली माझ्यासाठी ठेवलेली गादी टेबलाला लागून होती, उडी जागच्या जागी मारायची ठरली होती.
मी धावत आलो आणि लांब झेप घेतली.

गादी मागेच राहिली. मी काकांच्या पाठीवर आदळलो.
खालून हूं की चूं नाही. लाट हलत राहिली, पडदा पडेपर्यंत.

मला शाल-नारळ. काकांना हॉस्पिटल.

तिथं मी रडलो. "काका, मी सगळ्यांना सांगतो."
"चूप बस. मिलमध्ये पडलो म्हणून सांगलं मी सगळ्यायले. तुले मग कोणी स्टेजवर चढू देईन का? सीन बराबर झाला ना?"
"झाला."
"बस मंग."

मी गप्प बसलो. सोयीचं होतं ना.
काका जन्मभर वाकून चालले, आणि मी दरवर्षी शाल घेत राहिलो.

आज मंडळाच्या ग्रुपवर काकांचा फोटो मागितला. इतक्या वर्षांत त्यांचा एक फोटो कुणाकडे नाही!
शेवटी कुणीतरी त्याच नाटकातला माझा टाकला. मी हवेत, हात पसरलेले.
खाली कॉमेंट, "क्या बात! काय उडी होती भाऊ!"

माणूस गेलाय रे. जरा तरी लाज बाळगा.
कुणाला सांगतोय मी? मी तरी कुठे बाळगली?

तोच फोटो इथं टाकतोय. मला बघू नका.
खाली बघा, उजवीकडून दुसरी लाट.
ते दत्तूकाका.

काका, पडदा पडला.
आता तरी पाठ टेका.